‘कारण’ नावाचा रकाना

स्वभाव बदलतो का, हा प्रश्न कादंबरीकाराला पोटापाण्याचा आणि बँक अधिकाऱ्याला वसुलीचा. मी हे दोन्ही उद्योग केले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, याबद्दल खेड्यात कुणालाच शंका नसते. अपवाद फक्त नशेचा. ‘गुणाचा पोरगा होता, गांजाने वाया गेला,’ हे वाक्य राणीसावरगावला रेणुकामातेच्या देवळापाशी ऐकू येते तसेच गंगाखेडच्या बाजारातही. अलीकडे परदेशातून नेमके उलटे वाक्य येऊ लागले आहे : एका मात्रेने माणूस सुधारला!

त्यामागे संशोधन आहे, नुसती आवई नव्हे. काही जातींच्या अळंब्यांत सायलोसायबिन नावाचे द्रव्य असते. ते घेतले की काही तास जग निराळेच भासते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने २०११ साली ५२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना त्या अवस्थेत खोल, गूढ म्हणावा असा अनुभव आला, त्यांच्यात मनाचा मोकळेपणा, म्हणजे नव्या कल्पनांचे, कलेचे, वेगळ्या विचाराचे स्वागत करण्याची वृत्ती वाढली आणि वर्ष उलटल्यावरही ती पूर्वीपेक्षा जास्तच होती. तिशीनंतर स्वभाव फारसा हलत नाही असे मानणाऱ्यांना हा धक्काच होता. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने २०१८ मध्ये, नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या रुग्णांत चिंतातुरपणा घटल्याचे आणि माणसांत मिसळण्याची वृत्ती वाढल्याचे नोंदवले. रुग्ण अवघे वीस, आणि तुलनेला दुसरा गट नाही.

इथे मला एक जुना सरकारी अहवाल आठवतो. गांजा-भांगेने हिंदुस्थानातले लोक वेडे होतात का, हे तपासायला इंग्रज सरकारने १८९३ साली आयोग नेमला. त्याने ११९३ साक्षीदार तपासले. गंमत सापडली ती वेड्यांच्या इस्पितळांच्या दप्तरात. रोग्यापुढे वेडाचे कारण लिहायचा रकाना होता. पोलिसांनी पाठवलेला अनोळखी माणूस. त्याचा मागचापुढचा इतिहास कोण शोधणार? गांजा ओढत होता एवढे कळले की लिहिले ‘गांजा’. आयोगाने ही प्रकरणे पुन्हा उघडली, तेव्हा त्यांतली बरीचशी टिकली नाहीत. बेताने घेतल्यास मनाला इजा होत नाही, अतिरेकाने होऊ शकते, असा निष्कर्ष त्याने १८९४ मध्ये दिला. (घरात मनोविकाराचा इतिहास असेल तर गांजाचा धोका वाढतो, हे आज आपल्याला ठाऊक आहे. आणि महादेवाला वाहतो तो धोतरा यांपैकी कशातच बसत नाही. ते सरळ विष आहे.)

तो रकाना मला ओळखीचा वाटला. थकबाकीच्या यादीतही ‘कारण’ असे. रिकामे सोडले तर वरून पत्र येई. एका शेतकऱ्यापुढे कारकुनाने ‘व्यसन’ लिहिले होते, कारण तो चिलीम ओढताना दिसे. त्याची विहीर दोन वर्षे कोरडी होती आणि भावाने वाटणी मागितली होती, हे कुणी विचारलेच नव्हते.

प्रयोगशाळेत हा रकाना घाईने भरला जात नाही कशावरून? अगदी अल्प मात्रा नियमित घेतल्याने मन प्रसन्न राहते, असा बोलबाला होता. लंडनच्या संशोधकांनी १९१ जणांना, कॅप्सूल भरलेली की रिकामी हे न कळता ती घ्यायला लावली. २०२१ मध्ये निकाल आला. रिकाम्या कॅप्सूलवालेही जवळपास तितकेच सुधारले! मोठ्या मात्रेत तर झाकणेच अशक्य, आपल्याला काय मिळाले ते घेणाऱ्याला तासाभरात कळते. द्रव्य काहीच करत नाही असे नव्हे; मेंदूतल्या सेरोटोनिनच्या यंत्रणेवर ते थेट काम करते. पण त्या प्रयोगांत आधी कित्येक तास बोलणे होते, मात्रेच्या दिवशी दोन जाणकार सबंध वेळ शेजारी बसतात, नंतर पुन्हा ऐकून घेतले जाते. ज्यांच्या जवळच्या नात्यात वेडाचा झटका येऊन गेला, त्यांना बहुधा घेतच नाहीत. आमच्या मराठवाड्यात किती उदास माणसांच्या वाट्याला असा एक दिवस येतो, जेव्हा दोन शहाणी माणसे घड्याळ न पाहता जवळ बसली आहेत? तेवढ्यानेच काही जण थोडे मोकळे होतील, असा माझा अंदाज आहे. तो सिद्ध करायला मजजवळ कॅप्सूल नाहीत.

ऑस्ट्रेलियाने २०२३ पासून, दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी ठरावीक मनोविकारतज्ज्ञांना सायलोसायबिन देण्याची मुभा दिली. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने ते बाळगणेही गुन्हा आहे. तरी पुण्यात शिकणारा माझा बुजरा भाचा परवा म्हणालाच, “मामा, गोव्यात मिळतं म्हणे. स्वभाव खुलतो.” कायदा त्याला माहीत होता. म्हणून मी दुसरेच विचारले, “दिवसभर शेजारी कोण बसणार तुझ्या?”

“दोन मित्र आहेत ना,” तो म्हणाला. “तेही घेणार आहेत.”