लेकराला उपाशी का ठेवायचे, ते आईला सांगा

तीन वर्षांचा मुलगा. जांघेत हर्नियाची गाठ. ऑपरेशन लहानच, पण लहान मुलाला त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागते. सकाळी आठची वेळ दिली होती. अकरा वाजले तरी नंबर लागला नव्हता. पोर रात्रीपासून उपाशी, रडून रडून घसा बसलेला. आई धुणीभांडी करणारी, कामावर खाडा करून आलेली. शेवटी तिने जिन्याआड नेऊन त्याला चहात बुडवून दोन बिस्किटे भरवली. विचारल्यावर "काहीच दिलं नाही" म्हणाली. शर्टावर भुगा दिसला म्हणून कळले. त्या दिवशीचे ऑपरेशन रद्द झाले.

आम्ही तेव्हा त्याच वॉर्डात नोकरीला होतो. "तुम्हा वस्तीतल्या बायकांना काही कळतच नाही," असे तिला बोलले गेले. बोलणाऱ्यांत आम्हीही होतो. ती एवढेच म्हणाली, "सिस्टर, उपाशी ठेवा म्हणाले. का ठेवायचं ते कुणी सांगितलंच नाही."

ते खरेच होते. कारण सांगायला एक मिनिट लागले असते. भूल दिल्यावर गिळण्या-खोकण्यावर ताबा राहत नाही. पोटात अन्न असेल तर ते उलटून वर येते आणि श्वासनळीवाटे फुप्फुसात जाऊ शकते. त्यात जीवही जाऊ शकतो. हे ठाऊक असलेली कोणती आई बिस्किट भरवेल? आणि ओरडा खायची भीती नसती, तर ती खोटे तरी का बोलली असती? आमच्या मते त्या दिवशी चूक आईची नव्हती, आमची होती. अडाणी म्हणून हिणवणे सोपे असते. समजावून सांगायला समोरच्याला माणूस मानावे लागते.

आता आपल्या बाजूचे. साधारण नियम असा: जेवण, बिस्किट, वरचे दूध सहा तास आधी बंद, आईचे दूध चार तास आधी, साधे पाणी दोन तास आधी. तरी तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच पाळा. नंबर लांबला तर गप्प बसू नका. "अजून किती वेळ? घोटभर पाणी देऊ का?" असे सिस्टरला विचारा. लहान मुलांचे नंबर आधी लावा, असे म्हणण्यातही काही गैर नाही. चुकून काही दिले गेले असेल तर खरे सांगा. ऑपरेशन पुढे ढकलता येते, लेकरू परत आणता येत नाही.

संमतीपत्रावर सही किंवा अंगठा देण्याआधी ते वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. कोणते ऑपरेशन, भूल कोणती, धोका काय, घरी कधी सोडणार, हे विचारा. बापानेही सोबत यावे; हे काम एकट्या आईचे नाही. आणि मुलाला "फिरायला जाऊ" असे खोटे सांगून नेऊ नका.

पैशांसाठी ऑपरेशन लांबवू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेत मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवले जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. गाठ अचानक कडक झाली, आत जाईना, मूल ओकू लागले, तर मात्र त्याच क्षणी दवाखाना गाठा.

कोणी मोठा सांगतो म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, हा बुद्धांचा कालामांना केलेला उपदेश आपण विहारात ऐकतो. तो दवाखान्याच्या दारात विसरायचा नसतो. डॉक्टरांचे ऐकायचेच, पण कारण विचारून.

आठ दिवसांनी त्या मुलाचे ऑपरेशन नीट झाले. शेजारच्या खाटेवरच्या बाईला लेकराला दूध का द्यायचे नाही, हे त्या दिवशी तीच आई समजावत होती.

जय भीम!