एका हाताची किंमत किती?



कॉन्व्हेंटमधे शिकल्यामुळे माझं मराठी निम्मं घरचं आणि निम्मं मेसमधलं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने दुरुस्त केल्या असतील तर त्यांचे आभार, राहिल्या असतील तर त्या माझ्या. पण हा विषय मला मराठीतच लिहायचा होता. कारण तो ज्यांच्यामुळे माझ्या डोक्यात शिरला, ते आपल्या वर्कशॉपचे मामा मासिकाचा इंग्रजी विभाग वाचत नाहीत.

फर्स्ट इयरला लेथसमोर उभं राहिल्यावर मामांचं पहिलं वाक्य होतं, "ताई, वेणी आत घ्या, ओढणी बांधा, मग स्विचला हात लावा." आणि स्विचकडे दाखवणाऱ्या त्यांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला दोन पेरं नव्हती! कॉलेजात लागण्याआधी ते एका छोट्या कारखान्यात प्रेसवर होते. या वर्षी धीर करून विचारलं, "मामा, तेव्हा काही भरपाई मिळाली का हो?" मामा हसले. "मिळाली की. मालकानं दवाखाना केला, महिन्याचा पगार दिला. बोटाला भाव असतो हे कुणाला ठाऊक होतं तेव्हा?"

त्याच महिन्यात सेमिनारचे विषय वाटले गेले आणि माझ्या वाट्याला आला ‘अमेरिकेतील कामगार नुकसानभरपाई कायदा’. मनात म्हटलं, चला, सुटलो. एक देश, एक कायदा, पंधरा स्लाइड्स, काम फत्ते. पहिल्याच स्लाइडवर मी वाचायला सुरुवात केली, "अमेरिकेत कामावर इजा झाल्यास..." आणि सरांनी थांबवलं, "कुठल्या अमेरिकेत?" सगळा वर्ग हसला. मीही हसले. पण त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना मात्र हसू आलं नाही.

तर सांगायचा मुद्दा हा, की या बाबतीत अमेरिका हा एक देश नाहीच. केंद्र सरकारचे स्वतःचे नोकर, रेल्वेवाले, गोदी कामगार अशा काही गटांसाठी केंद्राचे कायदे आहेत. बाकी सगळ्यांचं ज्या त्या राज्यावर सोपवलेलं. ५० राज्यं, ५० कायदे!

आता एक उदाहरण घेऊ. आपण इंजिनिअर, आकड्यांशिवाय आपल्याला पटत नाही. समजा एक कामगार आठवड्याला ९०० डॉलर कमावतो आणि मशीनमधे त्याचा एक हात गेला. बहुतेक राज्यांत भत्ता पगाराच्या दोन तृतीयांश धरतात, म्हणजे आठवड्याला ६०० डॉलर. आणि कायद्यातच एक तक्ता असतो. अंगठ्याला इतके आठवडे, पायाला इतके, डोळ्याला इतके. आपल्या डेटा बुकात बोल्टचे साइझ असतात ना, अगदी तसा.

जॉर्जिया राज्यात हाताला २२५ आठवडे. शेजारच्या अलाबामात २२२. वाटतं, फरक कुठे आहे? फक्त तीन आठवडे! पण अलाबामाने अशा कायमच्या अंशतः अपंगत्वाच्या भत्त्याला आठवड्याला २२० डॉलरची कमाल मर्यादा घातली. ही मर्यादा १९८५ सालची, आणि तीस वर्षं उलटून गेली तरी तीच. गुणाकार करून बघा. जॉर्जियात १,३५,००० डॉलर, अलाबामात ४८,८४०. (उपचाराचा खर्च दोन्हीकडे वेगळा मिळतो.) शिवाय हात कापला जाणं ही जॉर्जियात अतिगंभीर इजा धरतात. अशा माणसाच्या चालू भत्त्याला एरवीची ४०० आठवड्यांची मर्यादाही लागत नाही. म्हणजे खरा फरक याहूनही मोठा.

मामांचं बोट विसरले नाही मी. अख्ख्या तर्जनीला अलाबामात ४३ आठवडे, जॉर्जियात ४०. म्हणजे आठवडे अलाबामात जास्त! पण याच पगाराला पैसे ९,४६० विरुद्ध २४,०००.

आणि ही राज्यं एकमेकांपासून किती लांब? जॉर्जियातलं कोलंबस आणि अलाबामातलं फीनिक्स सिटी ही दोन गावं चॅटाहूची नदीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत. मधे पूल आहेत, माणसं चालत जातात-येतात. अलाबामाची अधिकृत वेळ जॉर्जियाच्या एक तास मागे, पण फीनिक्स सिटीतले लोक घड्याळ कोलंबसचं लावतात, कारण रोजचं जगणं एकच. घड्याळ पुलापलीकडचं चालतं, हाताचा भाव मात्र चालत नाही!

अजून गंमत म्हणजे, फीनिक्स सिटीच्या पोस्टात काम करणाऱ्याला केंद्राचा कायदा लागू. त्या तक्त्यात हाताला ३१२ आठवडे. म्हणजे त्याच ९०० डॉलर पगारावर निदान १,८७,२०० डॉलर, आणि घरी अवलंबून असणारी माणसं असतील तर त्याहून जास्त. त्याच रस्त्यावरच्या खाजगी गोडाऊनमधल्या कामगाराला मात्र ४८,८४०. हात तोच, मालक वेगळा.

फरक फक्त पैशांचाच नाही. टेक्सासमधे खाजगी मालकाला हा विमा घ्यायची सक्तीच नाही. नाही घेतला तर कामगार त्याच्यावर निष्काळजीपणाचा दावा लावू शकतो, पण तो सिद्ध करायची जबाबदारी कामगाराची. ओहायो, वॉशिंग्टन, वायोमिंग आणि नॉर्थ डकोटा या चार राज्यांत एकदम उलट, तिथे खाजगी कंपनीला हा विमा विकताच येत नाही, सगळं राज्याच्या फंडातून. कुठे डॉक्टर कामगार निवडतो, कुठे मालक. कुठे तीन दिवस काम बुडाल्यावर भत्ता सुरू, कुठे सात. कॅलिफोर्नियात शेतमजुरालाही संरक्षण, अलाबामात शेतमालकावर सक्ती नाही. न्यू मेक्सिकोतही शेतमजूर बाहेरच होते. २०१६ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हा भेदभाव रद्द केला.

हे असं का झालं? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी तिथल्या जखमी कामगाराला कोर्टातच जावं लागे. आणि मालकाच्या हातात तीन हत्यारं असत. एक, चूक थोडीशी का होईना तुझी होती. दोन, चूक तुझ्या सहकाऱ्याची होती, माझी नाही. तीन, काम धोक्याचं आहे हे तुला ठाऊक होतं, तरी तू आलास. वकील लोक या तिघांना ‘अनहोली ट्रिनिटी’ म्हणतात. कॉन्व्हेंटमधली असल्यामुळे हे नाव मला एकदा वाचूनच पाठ झालं.

मग हळूहळू एक तडजोड पुढे आली. कामगाराने दाव्याचा हक्क सोडायचा आणि त्याबदल्यात मालकाने, चूक कुणाचीही असो, ठरलेली भरपाई द्यायची. न्यूयॉर्कने १९१० मधे असा कायदा केला. २४ मार्च १९११ ला तिथल्या सर्वात वरच्या न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. आणि दुसऱ्याच दिवशी, २५ मार्चला, न्यूयॉर्क शहरात ट्रायअँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागली. जिन्याचं दार कुलूपबंद होतं. १४६ जण गेले, त्यात बहुतेक मुली, कित्येक तर माझ्याहून लहान. मी होस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावर राहते. हे वाचलं त्या रात्री उठून जिन्याचं दार बघून आले. खोटं सांगत नाही.

त्याच वर्षी विस्कॉन्सिनने जो कायदा केला तो कोर्टात टिकला. न्यूयॉर्कने राज्यघटना बदलून पुन्हा कायदा आणला. एकेक करत राज्यं आली, शेवटचं मिसिसिपी, १९४८ साली. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्यात ३७ वर्षं! तेवढ्या काळात मिसिसिपीतल्या किती हातांना काहीच मिळालं नसेल, कोण जाणे.

माझ्या रूममेटला हे सगळं ऐकवलं तर ती म्हणाली, "अगं, मग त्यात काय? मुंबईत आणि लातूरमधे खोलीचं भाडं सारखं असतं का? प्रत्येक राज्याने आपापल्या खिशाप्रमाणे ठरवावं. आणि राज्यांना मोकळीक नसती तर विस्कॉन्सिनने तरी आधी सुरुवात कशी केली असती?"

तिचा दुसरा मुद्दा मला मान्य आहे. एखाद्या राज्याने पुढे जाऊन प्रयोग करावा, बाकीच्यांनी त्यातून शिकावं, हे चांगलंच. पण पहिला मुद्दा पटत नाही. भत्ता पगाराच्या दोन तृतीयांश आहे ना? मग जिथे पगार कमी तिथे तो आपोआप कमी होतोच. स्थानिक परिस्थितीचा हिशेब त्यातच आला. बहुतेक राज्यांनी आपली कमाल मर्यादा राज्याच्या सरासरी पगाराला बांधलेली असते, पगार वाढले की तीही वाढते. १९८५ पासून न हललेल्या आकड्याला स्थानिक परिस्थिती म्हणत नाहीत, त्याला विसरणं म्हणतात. २०१७ मधे अलाबामातल्याच एका न्यायाधीशाने ही मर्यादा घटनाबाह्य ठरवली होती, पण तो निकाल अमलात आला नाही.

आणि मोकळीक खाली जायलाही वापरता येते. २०१३ मधे ओक्लाहोमाने मालकांना राज्याच्या योजनेतून बाहेर पडून स्वतःची योजना बनवायची मुभा दिली. २०१६ मधे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण तोपर्यंत तीन वर्षं गेली.

उपाय कुणाला सुचलाच नाही असंही नाही. १९७२ साली एका राष्ट्रीय आयोगाने या सगळ्या कायद्यांचा अभ्यास केला, ते अपुरे आणि असमान आहेत असं स्पष्ट म्हटलं आणि १९ अत्यावश्यक शिफारशी केल्या. राज्यांनी १९७५ पर्यंत त्या मानल्या नाहीत तर केंद्राने हात घालावा, असंही सुचवलं. या भीतीने बऱ्याच राज्यांनी पटापट सुधारणा केल्या. मग भीती गेली आणि सुधारणाही थंडावल्या. केंद्राचा कायदा काही झाला नाही. सबमिशनची तारीख पुढे गेली की आपल्या जर्नलचं जे होतं तेच!

माझं मत सरळ आहे. राज्यांनी वर कितीही जावं, पण खाली एक फरशी हवी. तिच्याखाली कुठल्याही राज्याला जाता येऊ नये.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं वकिलांनी बघावं, आपला काय संबंध? आपलाच तर संबंध आहे. आपल्यापैकी अर्धे जण जीआरईच्या मागे आहेत. एमएस झाल्यावर यातले कितीतरी जण तिकडच्याच कुठल्या तरी प्लँटमधे मशीनच्या बाजूला उभे असतील. तिथे विम्याचा हप्ता बऱ्याचशा मालकांना आपल्याकडच्या अपघातांच्या खर्चावर भरावा लागतो. जास्त भरपाई, जास्त हप्ता. मग एक दिवस कुणीतरी एक्सेल शीट पुढे ठेवेल. एका कॉलममधे प्रेसला गार्ड, इंटरलॉक आणि दोन्ही हातांचं बटण बसवायचा खर्च. दुसऱ्या कॉलममधे ते न बसवण्याचा खर्च. त्या दुसऱ्या कॉलममधला आकडा राज्याच्या कायद्यातून येतो. जिथे हात स्वस्त, तिथे गार्ड महाग वाटतो. गार्ड तोच, प्रेस तीच, नदीच्या अलीकडे परवडतं आणि पलीकडे परवडत नाही! डिझाइन आपलं असेल आणि सहीही आपली.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. आपल्याकडे १९२३ च्या कायद्यात अख्ख्या देशासाठी एकच तक्ता होता. तर्जनीची दोन पेरं गेली तर कमाईची ११ टक्के क्षमता गेली असं त्यात धरलेलं, मग कारखाना रत्नागिरीत असो की रांचीत. म्हणजे मामांच्या बोटाला भाव होता. फक्त तो त्यांना कुणी सांगितला नाही. तेव्हा एकच कायदा असला की सगळं झालं, असंही नाही. तो भिंतीवर, कामगाराला कळेल अशा भाषेत लिहिलेला असायला हवा.

सेमिनार झाला. मार्क बरे पडले. मामांना तो तक्ता दाखवला. त्यांनी चष्मा लावून बोट फिरवत फिरवत ‘तर्जनी’पर्यंत वाचलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणाले, "ताई, याची मोठ्या अक्षरात झेरॉक्स काढा. लेथच्या वर लावू."

झेरॉक्स काढली आहे. पुढच्या वेळी वर्कशॉपमधे गेलात की जरूर वाचा. आणि हो, वेणी आत घ्या!

— तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी (मुलींचे वसतिगृह)