स्वभावाला औषध नाही, पण शाखा आहे

स्वभावाला औषध नाही, असे आपण उठल्याबसल्या म्हणतो. घरातले मूल एम. बी. बी. एस. होऊन पुढची शाखा निवडू लागले, की ही म्हण मोठ्या सोयीची होते. "आमची धाकटी फार हळवी हो! तिला सर्जरी कशी झेपणार? त्वचारोग घेऊ दे. रात्री-अपरात्री कोणी उठवायला नको." यात धाकटीचा स्वभाव किती आणि भावी सासरची सोय किती, हे मात्र विचारायचे नसते.

मी मराठीचा मास्तर. मला नाडीतले काय कळणार? पण आत्मचरित्रे वाचण्याची खोड जुनी, आणि चार्ल्स डार्विनचे आत्मचरित्र या बाबतीत पुष्कळ सांगून जाते.

डार्विनचे आजोबा डॉक्टर, वडीलही डॉक्टर. तेव्हा रिवाजाप्रमाणे १८२५ साली, सोळाव्या वर्षी, चार्ल्सची रवानगी एडिंबरोला वैद्यक शिकायला झाली. तिथे त्याने दोन शस्त्रक्रिया पाहिल्या. त्यांतली एक लहान मुलावरची. दोन्ही वेळा तो अर्ध्यातूनच पळाला, आणि १८२७ मध्ये त्याने वैद्यकाला कायमचा रामराम ठोकला. पोराचा पिंडच डॉक्टरचा नव्हता, असे आपण म्हणून मोकळे होऊ.

पण खरी मौज पुढे आहे. वडिलांना, म्हणजे रॉबर्ट डार्विन यांनाही रक्त पाहवत नसे. शस्त्रक्रियेच्या नुसत्या कल्पनेने त्यांच्या पोटात ढवळे. तरीही इंग्लंडातल्या श्रूजबरी गावी त्यांचा जम उत्तम बसला होता. माणसाचे मन ओळखावे आणि त्याचा विश्वास मिळवावा, ही त्यांची हातोटी. चाकूला हात न लावता ते फिजिशियन म्हणून नावाजले. भीती बापलेकांची एकच. पण बापाला त्याच वाड्यात आपल्याजोगी दुसरी खोली सापडली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चार्ल्सने पाहिलेल्या शस्त्रक्रिया शुद्धीवरच्या रोग्यांवर झाल्या होत्या. क्लोरोफॉर्मची भूल त्याच एडिंबरोत सिम्प्सन यांनी १८४७ साली आणली. तोवर जो झटपट कापी, तो सर्जन मोठा. रोगी निजू लागला, तेव्हा सावकाश चालणाऱ्या हळुवार हाताला किंमत आली. म्हणजे माणसाचा स्वभाव एकवेळ बदलणार नाही. पण शाखेचा स्वभाव बदलतो! 'सर्जनचे काळीज दगडाचे' हा आपला समज त्या भुलीपूर्वीच्या काळातला आहे. हळवेपणा ही नापास होण्याची खूण नव्हे.

अर्थात नीट-पीजीचा क्रमांक कोणाचा स्वभाव पुसत नाही, आणि हवी ती जागा सर्वांनाच मिळत नाही. पण निवडीला जेवढा वाव असेल, तेवढ्यात तरी ती निवड मुलीची असू द्यावी. इंटर्नशिपच्या वर्षात ती निरनिराळ्या वॉर्डांतून फिरलेली असते. दमूनभागून घरी आल्यावर, कोणी न विचारता, ती कोणत्या वॉर्डाबद्दल बोलत बसे, ते आठवा. कोणत्या कामात तिला जेवणाची शुद्ध राहत नसे, ते आठवा. स्वभावाची याहून चांगली परीक्षा मला ठाऊक नाही.

आणि उत्तर 'सर्जरी' असे आले, तर रात्रीच्या चहाचा थर्मास तेवढा भरून ठेवा.