फेरीवाल्याच्या हातात कायद्याचे चित्र



चित्रकलेत हुशार असलेल्या मुलाला आपल्या वस्तीत पहिले काम कोणते मिळते? जयंतीचा फलक, मंडळाची कमान, लग्नपत्रिका, नाहीतर एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स. हात चांगला असेल तर पुढे तो ग्राफिक डिझाइनच्या स्टुडिओत लागतो आणि साबण-बिस्किटांची वेष्टने सजवू लागतो. पोटासाठी हे करावे लागते, त्यात कमीपणा काही नाही. परंतु हीच कला गोरगरिबाची रोजी राखण्याच्या कामी येऊ शकेल काय? येऊ शकते. न्यूयॉर्क शहरात २००९ साली असे एक काम झाले. त्याची हकीकत आपल्या तरुणांनी आणि त्यांच्या आई-वडिलांनीही जाणून घ्यावी अशी आहे.

न्यूयॉर्कच्या पदपथांवर हजारो फेरीवाले धंदा करतात. कोणी फळे विकतो, कोणी गाडीवर खाद्यपदार्थ करून देतो, कोणी टोप्या-मफलरी मांडून बसतो. यातले बहुसंख्य लोक परदेशांतून पोट भरण्यासाठी आलेले. बांगलादेशी, चिनी, अरब, मेक्सिकन असे नाना देशांचे. इंग्रजी अनेकांना धड येत नाही. आणि तिथले नियम कसे? गाडी इमारतीच्या दारापासून २० फूट लांब हवी. रस्ता ओलांडण्याच्या पट्ट्यांपासून १० फूट दूर हवी. माल मांडण्याचे टेबल ८ फूट लांब आणि ३ फूट रुंद, याहून मोठे चालणार नाही. परवाना लोकांना दिसेल असाच लावायचा. असे कितीतरी नियम, आणि तेही वकिली इंग्रजीत! गाडी थोडी इकडेतिकडे झाली तरी दंडाची पावती हातात पडायची. त्या काळी हा दंड वाढत वाढत १००० डॉलरपर्यंत जात असे. दिवसभर उन्हातान्हात उभे राहून माणूस मिळवणार किती आणि एका पावतीत घालवणार किती?

या फेरीवाल्यांची ‘स्ट्रीट व्हेंडर प्रोजेक्ट’ नावाची संघटना आहे. २००१ सालापासून ती फेरीवाल्यांना एकत्र करून त्यांच्या हक्कांसाठी लढते. त्याच शहरात ‘सेंटर फॉर अर्बन पेडॅगॉजी’ ही ना-नफा संस्था आहे. शहराचे कायदे आणि धोरणे सामान्य माणसाला चित्रांतून समजावून देणे हे तिचे काम. ‘मेकिंग पॉलिसी पब्लिक’ या तिच्या मालिकेत चळवळीतील संघटना आपला प्रश्न मांडतात, निवड समिती त्यातून काही प्रश्न निवडते, मग त्या प्रश्नासाठी योग्य डिझायनर निवडला जातो आणि सर्वजण मिळून घडी घालता येईल असे एक मोठे भित्तिपत्रक तयार करतात. फेरीवाल्यांच्या प्रश्नासाठी कँडी चँग या डिझायनर बाईंची निवड झाली. पुढे त्यांनी शहरांच्या प्रश्नांवर काम करणारा ‘सिव्हिक सेंटर’ हा स्टुडिओ चालवला. फेरीवाल्यांसाठी तयार झालेल्या त्या पत्रकाचे नाव ‘व्हेंडर पॉवर!’, म्हणजे फेरीवाल्यांची ताकद.

या पत्रकात केले काय? सगळे नियमपुस्तक त्यात कोंबले नाही. फेरीवाल्यांना ज्या चुकांसाठी जास्तीत जास्त पावत्या मिळत होत्या, तेच नियम निवडले आणि त्यांची चित्रे काढली. गाडी कुठे उभी करायची, दारापासून किती अंतर ठेवायचे, टेबल किती मोठे असावे, हे सारे चित्रातच दिसते. शब्द अगदी थोडे आणि तेही पाच भाषांत: इंग्रजी, बंगाली, चिनी, अरबी आणि स्पॅनिश. ज्याला एक अक्षर वाचता येत नाही त्यालाही चित्र पाहून आपली गाडी कुठे लावायची ते कळावे. पत्रकाचा दुसरा भाग रस्त्यावरून जाणाऱ्या नागरिकांसाठी. त्यात न्यूयॉर्कच्या फेरीवाल्यांचा इतिहास, त्यांच्या कहाण्या आणि कायद्यात कोणते बदल व्हावेत याच्या मागण्या छापल्या होत्या. हे पत्रक फेरीवाल्यांना त्यांच्या गाडीवर जाऊन मोफत वाटण्यात आले.

या उदाहरणातून आपण काय घ्यावे? पहिली गोष्ट, प्रश्न कष्टकऱ्यांच्या संघटनेकडून आला. डिझायनरने आपल्या मनाने सुंदर चित्र काढून ते दान म्हणून त्यांच्या गळ्यात घातले नाही. दुसरी गोष्ट, वाचणारा कोण आहे हे आधी पाहिले आणि त्याच्या भाषेत लिहिले. तिसरी गोष्ट, कलावंताला मानधन दिले गेले. आपल्याकडे मात्र मंडळाचे काम म्हटले की पोराने रात्र रात्र जागून फुकट करून द्यायचे अशी रीत पडली आहे. मंडपवाल्याला पैसे, बँडवाल्याला पैसे, आणि घरच्या कलावंताला नुसता नारळ! ही रीत बदलली पाहिजे. ज्याच्या कलेला आपणच मोल देत नाही, तो आपल्या कामाला टिकून कसा राहील?

अर्थात एका कागदाने अन्याय संपत नाही, हेही ध्यानात ठेवावे. न्यूयॉर्कमध्ये खाद्यपदार्थ सोडून इतर माल विकणाऱ्यांच्या परवान्यांवर १९७९ सालापासून ८५३ ची मर्यादा होती. ती पत्रकाने हटली नाही. कमाल दंड १००० डॉलरवरून ५०० वर आला तो २०१३ साली, तोही फेरीवाल्यांनी अनेक वर्षे संघटितपणे मागणी लावून धरल्यावर, आणि महापौरांचा विरोध मोडून नगर परिषदेने कायदा केला तेव्हा. संघटना नसती तर पत्रक वाटले कोणी असते? आणि नियम कळलेच नसते तर माणूस भांडला कशाच्या जोरावर असता?

आता आपल्याकडे पाहू. भाजीची पाटी घेऊन बसणाऱ्या माता-भगिनी, वडापावची गाडी लावणारे भाऊ आपल्या घराघरांत आहेत. त्यांच्यासाठी २०१४ साली केंद्राचा पथविक्रेता कायदा झाला. त्यात काय आहे हे किती जणांना ठाऊक आहे? सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्रीचे प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाही पथविक्रेत्याला हटवता येत नाही. जागेवरून काढायचे तर ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. माल जप्त केला तर त्याची यादी द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. नगर पथविक्रेता समितीवर किमान ४० टक्के सदस्य पथविक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत आणि त्यातील एक-तृतीयांश महिला असाव्यात. अनुसूचित जाती-जमाती, अपंग व अल्पसंख्याक यांनाही त्यात योग्य प्रतिनिधित्व देण्याची तरतूद आहे.

गाडी उचलून नेली जाते त्या क्षणी हा कायदा ग्रंथालयाच्या कपाटात असून उपयोग काय? तो भाजीच्या पाटीखाली घडी करून ठेवता आला पाहिजे.

म्हणून आपल्या वस्तीतील फलक रंगवणाऱ्या आणि संगणकावर डिझाइन करणाऱ्या मुला-मुलींना विनंती आहे. येत्या जयंतीला शुभेच्छांचे दहा फ्लेक्स लावण्याऐवजी नऊ लावा. दहाव्याच्या पैशात या कायद्याचे एक पानी चित्रपत्रक छापा. आधी भाजीबाजारात जाऊन मावश्यांना विचारा की त्यांना त्रास नेमका कुठे होतो. मजकूर जाणत्या वकिलाकडून तपासून घ्या, कारण राज्याचे आणि पालिकेचे नियम यात भर घालतात. अक्षर मोठे ठेवा, मराठी सोपी ठेवा. छापण्याआधी शाळा न शिकलेल्या एखाद्या आजीला कच्चा कागद दाखवा. तिला चित्रावरून अर्थ सांगता आला तर छापायला द्या, नाहीतर चित्र पुन्हा काढा.

आणि मंडळाच्या कार्यकर्त्यांनो, हे काम करून देणाऱ्या मुलाच्या हातावर त्याच्या मेहनतीचे पैसे ठेवायला विसरू नका.