पान्हा पराणीने फुटत नाही

डभोई म्हटले की मराठी वाचकाला आठवते ती 1731 सालची बाजीराव पेशवे आणि सेनापती त्रिंबकराव दाभाडे यांची लढाई. परंतु या गावाने आणखीही एक इतिहास घडविला आहे. खंडेराव महाराज गायकवाडांच्या कारकीर्दीत, 1862 मध्ये, डभोई ते मियागाम ही अरुंद लोहवाट सुरू झाली, तेव्हा तिच्यावरील गाड्या बैल ओढीत असत. रूळ बदलून वाफेची इंजिने नियमित धावू लागली ती पुढे. बैल गेले, इंजिन आले. मात्र जनावराकडे इंजिन म्हणूनच पाहण्याची आपली दृष्टी काही गेली नाही. कोळसा घातला की इंजिन चालते, तद्वत वैरण घातली की दूध मिळते, हाच आपल्या दुग्धधोरणाचा आजही हिशेब आहे.

बडोदा जिल्ह्याचा सहकारी दूध संघ 1957 मध्ये स्थापन झाला. आज दुग्धोत्पादनात आपला देश जगात पहिला आहे आणि या यशात गुजरातच्या सहकाराचा वाटा मोठा आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु हा पहिला क्रमांक प्रामुख्याने जनावरांच्या संख्येचा आहे. दर जनावरामागे मिळणारे दूध पाहिले तर आपली मान खाली जाते. त्यावर उपाय म्हणून जातिवंत वळू, संकरित गाय आणि पेंड यांची चर्चा सतत होते. गोठ्यातील उष्मा आणि धार काढणाऱ्याचा हात यांची होत नाही.

डभोईच्या परिसरात मे महिन्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो. म्हशीची कातडी काळी, घर्मग्रंथी थोड्या. डुंबणे ही तिची चैन नव्हे, गरज आहे. उष्म्याने कासावीस झालेले जनावर खाणे कमी करते, रवंथ मंदावते, दूध उतरते आणि त्यातील स्निग्धांशही घटतो. याहून मोठे नुकसान डोळ्यांना दिसत नाही. उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका राहतो. तो हुकला की एकवीस दिवस गेले आणि पुढचे वेत लांबले. दुधात सुमारे 87 टक्के पाणीच असते. तरीही दिवसातून दोनदाच पाणी दाखविण्याची रीत कित्येक गोठ्यांत चालू आहे. आमच्या किनारपट्टीवर पारा तेवढा चढत नसेल, पण येथील दमट हवेत घाम वाळत नाही. थंड प्रदेशातील रक्ताची संकरित गाय तापलेल्या पत्र्याखाली बांधून तिच्याकडून घागरीची अपेक्षा करणे हा शुद्ध अविचार होय.

हाताळणीचेही तसेच. पान्हा ही काही केवळ वात्सल्याची कविकल्पना नाही. वासराचा स्पर्श किंवा ओळखीचा हात लागला की गायीच्या रक्तात ऑक्सिटोसिन उतरते आणि कास मोकळी होते. काठीच्या भीतीने ॲड्रेनॅलिन उसळते आणि दूध कासेतच अडते. गाय पान्हा चोरते असे आपण म्हणतो; वस्तुतः तो तिच्याकडून हिरावला गेलेला असतो. इंग्लंडमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2009 मध्ये दाखवून दिले की, ज्या गोठ्यांत गायींना नावाने हाक मारली जाते तेथे दर गायीमागे वर्षाकाठी सुमारे 258 लिटर दूध अधिक मिळते. नावात जादू नाही; नाव ठेवणारा माणूस जनावराकडे लक्ष देतो, एवढाच त्याचा अर्थ. कपिला, चंद्री अशी नावे ठेवणाऱ्या आपल्या आजीला हे शिकविण्याची गरज नव्हती.

आज मात्र पान्ह्याऐवजी सुई टोचण्याचा सोपा मार्ग काही ठिकाणी पत्करला जातो. गायीम्हशींवर होणाऱ्या फुक्याच्या क्रूर प्रकाराची किळस येऊन गांधीजींची दुधाविषयीची विरक्ती अधिकच दृढ झाली होती. 1960 च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या बाराव्या कलमाने फुक्याला आणि दूध वाढविण्यासाठी दिल्या जाणाऱ्या अपायकारक इंजेक्शनांना बंदी केली. कायदा आहे, पण गोठ्यात डोकावणार कोण?

गरीब पशुपालकाला हे सारे परवडेल काय, असा प्रश्न विचारला जाईल. आमचे उत्तर असे की, न परवडणारे ते दुर्लक्ष आहे. गवताने शाकारलेले छप्पर, गोठ्यालगत एक झाड, दिवसभर भरलेला हौद, दुपारऐवजी सकाळ-संध्याकाळी वैरण आणि दाव्याला थोडी अधिक मोकळीक, यांसाठी परदेशी तंत्रज्ञान लागत नाही. लागते ती दृष्टी. केरळातील मलबार दूध संघाने 2023 मध्ये उष्म्यामुळे घटणाऱ्या दुधासाठी विमा आणला. हे पाऊल स्वागतार्ह असले तरी भरपाई म्हणजे सावली नव्हे.

म्हणून सरकारने आणि दूध संघांनी आपला क्रम बदलावा. अनुदानाचे जनावर देण्यापूर्वी गोठा पाहावा. गावतळी गाळमुक्त करावीत. आणि प्रशिक्षणाचे वर्ग भरवायचे ते गोठ्यात प्रत्यक्ष राबणाऱ्या स्त्रियांसाठी भरवावेत. संकलन केंद्रावर दुधाची प्रत मोजणारे यंत्र असते. ती प्रत जेथे घडते किंवा बिघडते, त्या गोठ्याची पाहणी करणारा माणूसही संघाच्या पगारपत्रकावर असला पाहिजे. गोमातेचा जयघोष करणाऱ्या देशाला तिच्या डोक्यावर सावली धरणे जड जाऊ नये.