संध्याकाळ एक, पडदे तीन

अंबरपेठला मावशीकडे उतरलो की एक गोष्ट दर वेळी जाणवते. संध्याकाळचे सात वाजले की घराचे तीन तुकडे होतात. बाहेरच्या खोलीत मावशीची मराठी मालिका, आतल्या खोलीत सुनेची तेलुगू मालिका आणि नातू मोबाईलवर क्रिकेट बघत, कानांत बोंडं घालून! कुणाचं भांडण नाही, कुणाची तक्रार नाही. आणि कुणाचं कुणाशी बोलणंही नाही.

या घरापासून जवळच, रामंतापूरला, हैदराबाद दूरदर्शन केंद्र आहे. ते १९७७ साली सुरू झालं. त्या काळी पडदा एकच होता. तेलुगू, उर्दू, हिंदी जे येईल ते सगळं घर बघायचं. तिकडे मुंबई केंद्राचंही तसंच. मराठी नाटक हवं असेल तर आधी गुजराती कार्यक्रम बघा, 'आमची माती, आमची माणसं'मध्ये पिकावरच्या किडीची माहिती ऐका! पुढच्या आठवड्यात काय काय आहे ते 'साप्ताहिकी' सांगायची आणि आपण वाट बघत बसायचो.

त्या काळाचे गोडवे गायचे नाहीत मला. काय दाखवायचं ते सरकार ठरवायचं, आणि हैदराबादच्या मराठी माणसाच्या वाट्याला मराठी फारसं येतच नव्हतं. १९५६ पर्यंत ज्या राज्यात मराठवाडा होता त्या राज्याच्या राजधानीत हे! मग खाजगी वाहिन्या आल्या. गंमत बघा, २००० साली सुरू झालेली ई टीव्ही मराठी चालायची ती हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीतून. पुण्या-मुंबईच्या घरांत पोचणाऱ्या मराठी बातम्या हैदराबादेत तयार होत होत्या. २०१५ साली त्या वाहिनीचं नाव कलर्स मराठी झालं.

आता मराठी वाहिन्या भरपूर आहेत. मग मावशीची संध्याकाळ भरगच्च झाली का? मला नाही तसं वाटत. तिच्या मालिकेत तिच्यासारखं बोलणारं कुणीच नसतं. तिच्या मराठीत उर्दूची लय आहे, तेलुगूचे शब्द आहेत. खाली रस्त्यावर भाजीवाला दखनीत 'नक्को' म्हणतो, तो आपलाच 'नको'. मराठी शब्द उर्दू बोलणाऱ्याच्या तोंडी टिकला, पण मराठी वाहिनीला हे मराठी परकंच राहिलं. आम्हा गोंयकारांना हे दुखणं नवीन नाही. पेडण्याच्या, डिचोलीच्या घरांत रोज संध्याकाळी मराठी मालिका चालते. पण त्यात गोवा येतो तो बहुधा सहलीपुरता.

'प्रेक्षकांना समजणार नाही' हे उत्तर आता चालणार नाही. २०१६ साली झी मराठीवर 'रात्रीस खेळ चाले' आली. पहिल्यांदा मालवणी ऐकून काहींनी नाकं मुरडली, पण पुढे अण्णा नाईक घराघरांत पोचलेच ना? प्रेक्षक शिकतो हो, त्याला संधी तर द्या!

तेव्हा वाहिन्यांकडून माझी अपेक्षा लहानशीच आहे. रोजच्या चार-पाच तासांतला अर्धा तास तरी हैदराबादच्या, बेळगावच्या, गोव्याच्या मराठीला द्या. तिथली माणसं पाहुणी म्हणून नकोत, घरची म्हणून हवीत. नाहीतर वाहिन्या वाढत जातील आणि संध्याकाळ मात्र तीच ती राहील.

आपल्याकडूनही एक अपेक्षा आहे. परवा वीज गेली आणि घरातला टीव्ही बंद पडला. नातवाच्या मोबाईलवर सुनेची तेलुगू मालिका लावली, आम्ही सगळे त्याच्याभोवती बसलो. मावशी मला अर्थ सांगत होती, सून तिला दुरुस्त करत होती, नातू दोघींना हसत होता. अर्ध्या तासात वीज आली.

कुणी उठलं नाही.