ताप आला, तर सकाळची वाट पाहू नका

'ब्लड कॅन्सरने गेला' असे आपण शोकसभेत सांगतो. पुष्कळदा ते अर्धसत्य असते. अ‍ॅक्युट ल्युकेमियाचा रुग्ण अनेकदा जंतुसंसर्गाने जातो. हा आजार निरोगी पांढऱ्या पेशी बनू देत नाही आणि उरलेल्या पेशी केमोथेरपीत मरतात. न्यूट्रोफिल पेशी मायक्रोलिटरमागे ५०० च्या खाली गेल्या की एरवी आतड्यात, कातडीवर, हवेत निमूट असणारे जंतूही उलटतात. डॉक्टर त्याला संधिसाधू संसर्ग म्हणतात. हा शब्द आपल्याला राजकारणातून चांगलाच ठाऊक आहे!

अशा रुग्णाला १०१ अंश फॅरनहाइट ताप आला, तर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हावे लागते. पू नसतो, कारण पू बनवणाऱ्या पेशीच नसतात. बहुधा ताप हीच एक खूण, आणि घरची माणसे तापाची गोळी देऊन तीच झाकून टाकतात. त्यांना हे कोणी समजावून सांगितलेलेच नसते. मग मृत्यू झाला की नशिबाला बोल! नशिबाचा येथे काय संबंध?

परळला कॅन्सरचे रुग्ण फुटपाथवर राहतात, हे मुंबईला नवीन नाही. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किती जणांना पुरणार? बांधकामाच्या धुळीत अ‍ॅस्परजिलस बुरशी असते, ती ल्युकेमियाच्या रुग्णाचे फुप्फुस धरते. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस पसरला तेव्हा अँफोटेरिसिनसाठी अवघे शासन धावले. ल्युकेमियाच्या वॉर्डात ही बुरशी आणि या महागड्या औषधाची गरज त्याआधीही होतीच. केमो मोफत दिली म्हणून शासनाची जबाबदारी संपत नाही. बुरशीचे औषध आणि राहायला स्वच्छ खोली हाही उपचाराचाच भाग धरला पाहिजे.

कायदा आपल्या बाजूने आहे. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की सरकारी रुग्णालयाने तातडीचे उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग आहे आणि पैसा नाही ही सबब शासनाला चालणार नाही. खाट नाही म्हणून परत पाठवलेल्या त्या मजुराला २५,००० रुपये भरपाई मिळाली.

म्हणून कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा प्रत्येक रुग्णाच्या घरी थर्मामीटर आहे का ते पाहावे. 'केमो चालू आहे, ताप आल्यास तातडीने दाखल करा' अशी उपचार करणाऱ्या डॉक्टरांची चिठ्ठी मागून घ्यावी. रात्री कोणी परत पाठवलेच, तर कारण लेखी मागावे आणि वेळ टिपून ठेवावी. वकिलाला पुढे तोच कागद लागतो.